ज्याचं ज्याच्याशी वाकडं

काबुलिहान,
फिएस्तानंतरचा मंगळवार

प्रिय जोव्हेलिन,

लिगाचे बास्केटबॉल सामने चालू असताना तुझा फोन आला, तेव्हा मी शेगडीपाशी उभी होते आणि दोन्ही हातांत कोंबडीचे तुकडे ओवलेल्या काड्या होत्या. “तिया मिंदा, पपांना कोचपदावरून काढणार आहेत म्हणे, खरं का?” असं तू विचारलंस आणि मी “सगळं ठीक आहे गं, पत्र लिहिते” म्हणून फोन ठेवून दिला. तिया, म्हणजे मावशी म्हणवून घेते आणि फोन ठेवून देते, म्हणून तुला राग आला असणार. पण माझ्या शेगडीभोवती संध्याकाळी किती कान असतात ते तुला माहीत आहे. इथं फोनवर बोललेलं जेवणाआधी चर्चपर्यंत पोचतं. म्हणून आज धंदा बंद ठेवून, दार लोटून घेऊन लिहायला बसले आहे. सगळं सांगते. मधे मधे हसशील, हस. मलाही लिहिताना हसू येतंय.

आधी खेळाचं सांगते, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. या वर्षी आपल्या संघाला बास्केट टाकणाऱ्यांची कमी नव्हती. पण बचाव! अगं, बचाव कसला, धर्मशाळा होती ती. कुणीही यावं, सरळ आत शिरावं, चेंडू टाकावा आणि पाणी पिऊन जावं. सामना संपला की सगळं पब्लिक कोर्टावरून थेट माझ्या शेगडीवर. मका वाळत घालायचं कोर्ट ते, त्यामुळे सगळ्यांच्या चपलांना मक्याचे दाणे आणि तोंडाला फेस. निवृत्त झाल्यापासून तिकोय सरांना शिकवायला कुणी सापडत नाही. ते माझ्या भाताच्या पुड्या टेबलावर मांडून आपले खेळाडू करायचे आणि खाल्लेल्या काड्या म्हणजे समोरचे. “माणसामागे धावायचंच नाही,” सर सांगायचे, “आपापली जागा धरायची. हा कोपरा याचा, तो कोपरा त्याचा.” मासेवाली पासिंग लगेच म्हणायची, “सर, तुमच्या वर्गात तरी पोरं जागा धरून बसायची का? अर्धी खिडकीतून माझ्या होडीवर यायची!” आणि मग तुझ्या पपांकडे वळून, थोरल्या भावाचा मान देत, “नोंग दुलो, या पोरांना जागाबिगा काही नको, शिव्या द्या. मरायच्या आत तुमच्या तोंडून एक तरी शिवी ऐकायची आहे मला.”

हो, तुझे पपा तिथंच बसलेले असायचे. ज्या कोचला शिव्या घालायच्या तो कोच त्याच बाकावर बसून जेवतोय, हे जगात दुसरीकडे कुठं होत असेल असं मला वाटत नाही. ते शांतपणे म्हणायचे, “पासिंग, तू मासे बघ, बचाव मी बघतो.” पासिंग म्हणायची, “तुम्ही बघताच आहात की! आम्हीही बघतोय. सगळे नुसते बघतायत, धरत कुणी नाही!” सगळा बाक हसायचा, तुझे पपाही. मीही काही कमी बोलले नाही. माझी जीभ तुला माहीत आहे. पण एक सांगते, मी बचावावर बोलत होते, त्यांच्यावर नाही. तुझी आई आणि मी वस्तीच्या मुलींच्या संघात होतो, क्लारिता बास्केटखाली आणि मी पुढे, तेव्हा बचाव शिकवला तो त्यांनीच. “चेंडूकडे बघू नकोस मिंदा, समोरच्याच्या पोटाकडे बघ. डोळे फसवतात, हात फसवतात, पोट जिकडे जाईल तिकडे माणूस जातो.” आजही रस्त्यात कुणी समोर आलं की माझी नजर आधी पोटाकडे जाते. अशा माणसाची पोरं समोरच्याला हात हलवून वाट करून देतात, याचा मला मनापासून संताप यायचा. तिखट बोलून झालं की मी कोंबडीच्या शेपटीची काडी बाजूला काढलेली असायची, ती गुपचूप त्यांच्या ताटात ठेवायचे. ती शेवटची असते आणि सगळ्यांना हवी असते, म्हणून गुपचूप.

मग एका संध्याकाळी कॅप्टन नार्सिंग आले. वस्तीचे प्रमुख असले तरी ते कधी माझ्याकडे खात नाहीत, बायकोची ताकीद आहे. त्या दिवशी त्यांनी दोन काड्या मागितल्या, तेव्हाच मला कळलं की काहीतरी वाईट बोलायचं आहे. ते म्हणाले, “दुलो, शेजारच्या लिलोमोन वस्तीविरुद्धचा सामना हरलो तर आपण लिगातून बाहेर. फिएस्ताच्या जत्रेत मला लोकांना तोंड दाखवायचं आहे. माझा पुतण्या सेबूहून खेळाचंच शिक्षण घेऊन आलाय, लॅपटॉपवर बचाव काढून दाखवतो. हरलो, तर पुढच्या वर्षी तो.” तुझे पपा म्हणाले, “बरोबर आहे कॅप्टन.” एवढंच.  

बाकीच्यांना एका कोचची गोष्ट वाटत होती. मला मात्र ठाऊक होतं की हरलो तर काय होणार. तुझी आई गेली त्या वर्षी तुझ्या पपांनी तुला शब्द दिला होता ना, की ज्या दिवशी संघ हातातून जाईल त्या दिवशी ते कायमचे ऑकलंडला तुझ्याकडे येतील? ते मला त्यांनीच सांगितलं होतं. तू पाठवलेलं तिकीटही दाखवलं होतं, केव्हाही वापरता येईल असं. तू मुलगी आहेस, तुझं काही चुकलं नाही. बापाने इथं एकट्याने मक्याच्या कोर्टावर शिट्टी वाजवत म्हातारं का व्हावं? मी तुझ्या जागी असते तर तेच केलं असतं. पण त्या संध्याकाळी कॅप्टन गेल्यावर मी मांसाला मीठ लावलं आणि विसरून पुन्हा लावलं, आणि गिऱ्हाइकांनी ते तसंच खाल्लं. लिलोमोनविरुद्धचा सामना आपल्याला जिंकायलाच हवा होता. पब्लिकला लिगासाठी आणि मला माझ्यासाठी. हे मी तेव्हा स्वतःशीही नीट कबूल केलं नव्हतं, तुला आता सांगते आहे.

दुसऱ्या दिवशी मी बुगोयला धरलं. आपल्या संघात सगळ्यात चपळ तो, आणि तोच सगळ्यात जास्त वाट देतो. म्हटलं, “का रे, तुझे पाय काय गहाण ठेवलेत? परवाच्या सामन्यात तो माणूस तुझ्या बाजूने गेला तेव्हा तू बाजूला का झालास?” तो पायाच्या अंगठ्याने माती उकरत म्हणाला, “तिया, तो माझा कुंपारे आहे. माझ्या धाकट्याला बाप्तिस्म्याला त्याने हातात धरलंय. त्याच्या छातीला छाती कशी लावू? माझी बायको घरात घेईल का?” मी दुसऱ्याला विचारलं. त्याच्यासमोर बायकोचा मामेभाऊ होता. तिसऱ्यासमोर वादळात आपली होडी देणारा होता. आपलेच दात आणि आपलेच ओठ! तुझे पपा उंची बघून माणसासमोर माणूस लावत होते, सगळे कोच लावतात तसा. आणि आपल्या बेटावर उंचीत बसणारा प्रत्येक माणूस नात्यातही बसत होता.

संध्याकाळी मी हे सगळं बाकावर सांगितलं तेव्हा तिकोय सरांनी काड्या खाली ठेवल्या. ते म्हणाले, “पण एसियोंग? एसियोंगने पहिल्या सामन्यात लिलोमोनचा तो लांब केसांचा कसला धरला होता! त्याला श्वास घेऊ दिला नाही.” पासिंग म्हणाली, “धरणारच. त्या लांब केसवाल्याने भर झुंजीत एसियोंगच्या कोंबड्याला पळपुटा म्हटलं होतं. दोघं दोन वर्षं बोलत नाहीत.” आणि मग हसत हसत, नेहमीसारखीच, उचलली जीभ लावली टाळ्याला, “मग काय, नोंग दुलो, प्रत्येकाला एकेक वैरी शोधून द्या, झाला बचाव!” बाक खदखदून हसला. तुझे पपा हसले नाहीत. त्यांनी काडी चावायची थांबवली आणि माझ्याकडे बघून विचारलं, “मिंदा, लिलोमोनमधल्या कुणाचं आपल्यातल्या कुणाशी वाकडं आहे?”

अगं जोव्हेलिन, ती संध्याकाळ तू बघायला हवी होतीस. मला विचारतात! या शेगडीवर कोंबडीपेक्षा जास्त काय भाजलं जातं? मी एक भांडण सांगितलं की पासिंगला दोन आठवायची. आपल्या बेटावर पाच परके मिळणार नाहीत, पण भांडणं हवी तेवढी. एकाने मिरवणुकीत संताच्या पालखीचा उजवा दांडा बळकावला होता, जो पिढ्यान् पिढ्या काबुलिहानचा. दोघं एकाच मुलीमागे होते. ती दुमागेतेच्या तिसऱ्याशी लग्न करून सुखाने नांदतेय, तरी यांचं भांडण अजून चालूच. एकाने तर आपल्या संघातल्या एका पोराच्या आईच्या बिबिंगकाला, तिच्या तांदळाच्या केकला, दगड म्हटलं होतं, तेही फिएस्ताच्या दिवशी, तोंडात घास असताना. तिकोय सर प्रत्येक भांडण ऐकून एकेक पुडी सरकवायचे आणि म्हणायचे, “हा याला.” लोक पोट धरून हसत होते. रस्त्यावरून जाणारेही थांबून आपापली भांडणं सांगायला लागले. एक म्हातारी तर आपल्या जावेचं सांगायला आली. तिला समजावावं लागलं की जाऊबाई खेळत नाहीत.

सगळी गणितं जुळली आणि मग सरांच्या हातात एकच काडी उरली. रेनांते. लिलोमोनचा हुकमी खेळाडू, ज्याला थांबवलं नाही तर बाकी सगळं व्यर्थ. आणि रेनांतेचं जगात कुणाशीही वाकडं नाही! कुणाशीच! तो सगळ्यांना वाकून नमस्कार करतो, म्हाताऱ्यांचे पाण्याचे डबे उचलतो, पासिंगच्या होडीला ढकलायला मदत करतो. पासिंग म्हणाली, “शी! इतका चांगला माणूस काय कामाचा!” शेवटी ठरलं की भांडण नसेल तर करायचं. बुगोयला पाठवलं. बुगोय लिलोमोनला गेला, रेनांतेच्या अंगणात उभा राहिला आणि, बिचाऱ्याला दुसरं काही सुचलं नाही, त्याला म्हणाला, “तुझे आंबे आंबट आहेत.” रेनांतेने माफी मागितली, आत गेला आणि गोड आंब्यांची टोपली घेऊन आला. बुगोय ती टोपली डोक्यावर घेऊन परत आला. आंबे खरंच फार गोड होते, आम्ही सगळ्यांनी खाल्ले.

हसलो खरे, पण आंबे खाऊन झाल्यावर बाक एकेक करून रिकामा झाला. तुझे पपा शेवटी उठले आणि म्हणाले, “बघू.” मी भांडी घासत होते. मला वाटलं, झालं, संपलं. ते आता जातील. त्या तिकिटाचा कागद माझ्या डोळ्यांसमोरून हलेना. मी तुला मनातल्या मनात वाईटसाईट बोलले, त्याबद्दल आता माफ कर, मला तू फार आवडतेस.

पण तुझ्या पपांनी “बघू” म्हटलं की ते खरंच बघतात. दुसऱ्या दिवशी सकाळी ते नेस्तोरच्या नारळाखाली जाऊन उभे राहिले. तुला नेस्तोर आठवतो का? लिलोमोनचा, पण आपल्या वस्तीत घरजावई होऊन राहिलेला, तुबा, म्हणजे माडी काढतो. त्याचं पोट त्याच्या आधी पोचतं. संघाच्या यादीत दरवर्षी त्याचं नाव असतं, कारण जर्सी फुकट मिळते आणि ती घालून तो झाडावर चढतो. खेळलेला नाही तो कितीतरी वर्षांत. तुझे पपा वर बघून म्हणाले, “नेस्तोर, खाली ये. तुला रेनांतेसमोर उभं राहायचंय.” वरून आवाज आला, “नोंग, वेड लागलं का? तो माझा सख्खा धाकटा भाऊ आहे!” तुझे पपा म्हणाले, “म्हणूनच.”

हे मला नेस्तोरच्या बायकोने सांगितलं तेव्हा मी हातातली टोपली खाली ठेवली. आम्ही सगळे वैरी शोधत बसलो होतो. नात्यामुळे आपली पोरं वाट देतात, हे मलाच कळलं होतं ना? मग नात्यामुळे त्यांचा पोरगाही थांबेल, हे मात्र एकट्या तुझ्या पपांच्या डोक्यात आलं. थोरल्या भावाला ढकलून पुढे जाणारा धाकटा आपल्या बेटावर जन्माला यायचा आहे. मी त्या दिवशी मांस कापता कापता एकटीच हसत होते, आणि मला फार अभिमान वाटला. कुणाला सांगणार? पासिंगला सांगितलं असतं तर तिने तोंडाकडे बघून नको ते ओळखलं असतं.

सामन्याला सगळी वस्ती. मी शेगडी कोर्टाच्या कडेला ओढून आणली, पण एक काडी भाजली नाही, कोळसे तसेच जळून गेले. खेळ सुरू व्हायच्या आधी तुझ्या पपांनी पोरांना जवळ घेतलं. मी मागेच होते, ऐकलं. ते म्हणाले, “हात लावायचा नाही. ज्याच्याशी आपण बोलत नाही त्याला हात कशाला लावायचा? फक्त त्याच्या वाटेत उभं राहायचं. तो जाईल तिथं आधी आपण.” इतकंच. आणि पोरं उभी राहिली गं! काय उभी राहिली! बिबिंगकावालीचा पोरगा समोरच्याच्या नाकाला नाक लावून, हात पाठीमागे बांधून, जणू काही त्याची वाट अडवणं म्हणजेच आईचं ऋण फेडणं. पालखीवाला उजवीकडून जायला बघायचा आणि आपला पोरगा उजवी बाजू सोडायलाच तयार नाही. एसियोंग तर त्या लांब केसवाल्याच्या कानाशी सारखा हळू आवाजात कोंबड्यासारखा आरवत होता. पंचाने नियमाचं पुस्तक बघितलं, आरवण्याबद्दल त्यात काही नव्हतं.

आणि नेस्तोर. जर्सीवर तुब्याचे डाग, पायात बायकोच्या भावाचे बूट. रेनांते चेंडू घेऊन वाऱ्यासारखा आला आणि समोर थोरला भाऊ हात पसरून उभा. रेनांते थांबला. त्याने पहिल्यांदा मान लववली! चेंडू हातात घेऊन! नेस्तोर म्हणाला, “ये ना, ये. मला पाडून जा. आईला सांगतो मग.” सगळं लिलोमोन ओरडत होतं, “जा, रेनांते, जा!” आणि रेनांते चेंडू दुसऱ्याला देऊन टाकत होता, दर वेळी, दर वेळी. नेस्तोर पळत नव्हता, पळू शकतही नव्हता. तो फक्त जिथं हवा तिथं उभा राहायचा, कारण त्याने त्या पोराला चालायला शिकवलं होतं आणि तो कुठं वळणार ते त्याला आधी कळायचं. शेवटच्या मिनिटाला आपण एका गुणाने पुढे, चेंडू रेनांतेकडे, आणि नेस्तोर लाल झालेला, तोंड उघडं, धापा टाकतोय.  तेवढ्यात रेनांते काळजीने म्हणाला, “मानोय, बसा हो जरा, काहीतरी होईल तुम्हाला.” नेस्तोर म्हणाला, “तू चेंडू दे, मग बसतो.” रेनांतेला हसू आवरेना. त्याने हसत हसतच चेंडू फेकला, लांब केसवाल्याकडे, आणि मधे एसियोंग होता. एसियोंगने चेंडू छातीशी धरला आणि शिट्टी होईपर्यंत पोटाखाली घेऊन पडून राहिला, अंड्यावर बसल्यासारखा.

मग काय झालं ते मला नीट सांगता यायचं नाही. पासिंगने तिकोय सरांना उचललं, हे मात्र मी पाहिलं. कॅप्टन नार्सिंग तुझ्या पपांच्या खांद्यावर हात टाकून फोटो काढून घेत होते आणि सेबूहून आलेला पुतण्या खाली वाकून नेस्तोरच्या बुटांच्या नाड्या सोडत होता, कारण नेस्तोरला वाकता येत नव्हतं. पोरगा चांगला आहे गं. आता तो तुझ्या पपांच्या हाताखाली शिकायला राहिला आहे. म्हणाला, “असा बचाव माझ्या लॅपटॉपमध्ये नाही.”

फायनलचं विचारू नकोस. विचारणारच तू, तर सांगते. जिंकल्यावर नेस्तोरने तुबा काढला, लिलोमोनची पोरंही राहिली, आणि सकाळपर्यंत सगळी भांडणं मिटली. एसियोंग आणि लांब केसवाला मिळून कोंबडे पाळणार आहेत. फायनलला शहराचा संघ आपल्या कोर्टावर आला, फिएस्ताच्या दिवशी, म्हणजे पाहुणे. पाहुण्यांची वाट कोण अडवणार? पुन्हा धर्मशाळा. दणकून हरलो आणि दुसऱ्या बक्षिसाचा बोकड मिळाला, तो तिथंच कापून पाहुण्यांनाही वाढला. दुसऱ्या संध्याकाळी तिकोय सर पुड्या मांडून बसले होते, “मी सांगतच होतो, जागा धरा.” आणि पासिंग म्हणाली, “कोच बदला!” तुझे पपा जेवत होते. सगळं जागच्या जागी आलं होतं, आणि मला वाटलं की आता तुला लिहून टाकावं, संघ राहिला, पपा राहिले, काळजी करू नकोस. त्या दिवशी लिहिलं असतं तर पत्र इथंच संपलं असतं.

पण रविवारी चर्चमध्ये मिस्सा झाल्यावर तुझे पपा माझ्या घरी आले. शेगडीवर नाही, घरी. इस्त्रीचा शर्ट घालून, भर सकाळी. मला वाटलं कुणीतरी गेलं. ते खुर्चीत बसले नाहीत. म्हणाले, “मिंदा, तिकीट अजून माझ्याकडे आहे.” मी म्हटलं, “संघ तर राहिला की तुमच्याकडे.” ते म्हणाले, “मी संघासाठी राहतो असं सगळ्यांना सांगत आलो. जोव्हेलिनलाही तेच सांगितलं. त्या दिवशी कॅप्टनने काढायची भाषा केली तेव्हा मी रात्रभर विचार केला, आणि मला संघाची आठवणच आली नाही. तुझी आली. तू जा म्हणालीस तर जातो. पण संघाच्या नावाखाली आता राहणार नाही.” जोव्हेलिन, माझी ही एवढी मोठी जीभ, आणि ऐन वेळी तिला सुचलं काय, तर टोमणा. मी म्हटलं, “एवढं बोलायला तुम्हाला इतकी वर्षं लागतात, म्हणून तुमची पोरं बचावाला वेळेवर पोचत नाहीत.” ते हसले, आणि मी रडले. मग मी त्यांना सांगितलं, की हे असं दारात उभं राहून चालणार नाही, रीतीप्रमाणे व्हायला हवं, आणि त्यांना घरी पाठवून दिलं.

म्हणून हे पत्र. तुझ्या आईची जागा मला नको. ती माझी मैत्रीण होती, तिच्याबरोबर मी घाम गाळलाय, तिची जागा तिचीच राहील आणि तिचा फोटो त्या घरात जिथं आहे तिथंच राहील. तुझं मन होत नसेल तर तसं लिही. मी रडेन, पण काड्या भाजत राहीन, तुझी तियाही राहीन आणि तुझ्या पपांना विमानतळाच्या बोटीत बसवायला बंदरापर्यंत स्वतः जाईन. पण मन होत असेल, तर ऐक. मुलाकडच्या माणसांनी मुलीच्या घरी जाऊन मागणी घालायची असते. तुझ्या पपांचे आईवडील गेले, भाऊ नाही, बहीण नाही. मुलाकडचं म्हणून या जगात एक तूच आहेस. माझ्या घराची पायरी आजवर या कामासाठी कुणी चढलेलं नाही. तेव्हा सुट्टी काढ आणि ये, पोरी. चांगला झगा घाल, जेवणाचं भांडं हातात घे, बापाला मागे उभं कर, आणि माझ्या थोरल्या भावासमोर बसून तुझ्या पपांसाठी मला मागून घे. मी लगेच हो म्हणणार नाही, थोडे आढेवेढे घेईन. तेवढा वेळ बसून राहा, उठून जाऊ नकोस.

तुझी वाट बघणारी, तुझीच,
तिया मिंदा